लाखेच्या तबकड्या, चावीचा फोनो आणि सिनेमाच्या चोपड्या : कोल्हापूर आणि पंचक्रोशी

आडवी_सुई · सोमवार, रात्री ९.१०

तबकडी भिंतीला टांगायची नसते, वाजवायची असते, असं ज्यांचं मत आहे त्यांच्यासाठी हा धागा. विषय तीन. लाखेच्या ७८च्या (मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या) रेकॉर्डी, त्या वाजवणारी यंत्रं, आणि टॉकीजच्या दारात आण्या-दोन आण्याला मिळायच्या त्या गाण्यांच्या चोपड्या. "माझ्याकडे कुत्राछाप आहे, किती येतील?" या प्रश्नाला इथे उत्तर मिळणार नाही.

आधी सुई, कारण बाकी सगळं तिच्यावर बसतं. स्टीलची सुई एका बाजूला एकदाच. रेकॉर्ड उलटली की सुई बदलायची. हा कंपनीचा सुया खपवायचा डाव नव्हता. लाखेच्या रेकॉर्डमध्ये लाख कमी आणि दगडाची भुकटी जास्त, वर काळ्या रंगासाठी काजळी. ती भुकटी पहिल्या काही फेऱ्यांतच सुईचं टोक घासून खाचेच्या मापाचं करते. तीन मिनिटांनी त्याच टोकाला दोन्ही अंगांनी सपाट पैलू पडलेले असतात आणि त्यांच्या कडा पटाशीसारख्या धारदार असतात. भिंग लावून बघा, दिसतात. तीच सुई पुढच्या रेकॉर्डवर टेकवली की त्या कडा खाच तासत जातात. मग रेकॉर्डवर करडा पट्टा उमटतो. तो धुऊन जात नाही.

जाड सुई मोठा आवाज, बारीक सुई हळू आवाज. डब्यांवर लाउड, मीडियम, सॉफ्ट लिहिलेलं असतं ते एवढंच. मीडियम घ्या. वापरलेल्या सुया लगेच वेगळ्या डबीत टाका, नव्यात मिसळल्या की नुसत्या डोळ्यांनी ओळखू येत नाहीत.

दुसरं वजनाचं. चावीच्या फोनोचं मुंडकं, म्हणजे साउंड बॉक्स, खाचेवर शंभर ग्रॅमच्या वर भार टाकतं. इलेक्ट्रिक पिकअप टाकतं चार-पाच ग्रॅम. म्हणून दोन वाटण्या करायच्या. ज्या रेकॉर्डी बाजारात ढिगानं मिळतात त्या फोनोवर मजेत वाजवा. जी एकच प्रत हाती लागली आहे ती एकदा इलेक्ट्रिकवर वाजवून संगणकावर उतरवून घ्या आणि पाकिटात ठेवा.

पेठेतला_नवखा · सोमवार, रात्री १०.०२

नमस्कार. एचएमव्ही १०२ची पेटी आहे, चावीचा फोनो. चावी पूर्ण दिली तरी गाणं अर्ध्यावर मंदावतं. मध्येच आतून 'धप्प' होतं आणि एकदम वेग पकडतं, की परत मंद. स्प्रिंग तुटली का? नवी कुठे मिळेल?

उद्यमनगरी · सोमवार, रात्री १०.२०

तुटली नाही भावा. तुटली असती तर चावी नुसती गरागरा फिरली असती, कुठं अडकलीच नसती. ग्रीस वाळलंय. साठ-सत्तर वर्षांचं ग्रीस म्हणजे डिंक. स्प्रिंगचे वेढे एकमेकांना चिकटून बसतात, ताण वाढला की चार वेढे एकदम सुटतात, त्याचा तो धप्प. नवी स्प्रिंग शोधायच्या भानगडीत आत्ताच पडू नको. जुनी धुऊन घे.

असं करायचं:

रेकॉर्ड ठेवायची फिरती थाळी धर आणि ब्रेक सोडून मोटर पूर्ण उतरू दे. पूर्ण म्हणजे पूर्ण. चावी भरलेली असताना एक जरी स्क्रू सोडलास तर बोटं जातील.

मोटरबोर्डचे स्क्रू काढून अख्खी मोटर वर घे. काढायच्या आधी मोबाइलवर चारी बाजूंनी फोटो. स्प्रिंगचा डबा मोटरमधून बाहेर काढ, झाकण उघड.

आता धोक्याचं काम. डब्यातली स्प्रिंग उतरलेली असली तरी दाबून बसलेली असते. बाहेर येते ती फणा काढून येते. चामड्याचे हातमोजे, डोळ्यांवर गॉगल, आणि डबा गोणपाटात गुंडाळून खोल बादलीत धरायचा. आतलं टोक पक्कडीनं धरून एकेक वेढा सोडवायचा. घाई केलीस तर भिंतीपर्यंत जाईल.

रॉकेल मिळालं तर रॉकेल, नाहीतर टर्पेंटाइन. पेट्रोल घरात वापरू नको. रात्रभर भिजत ठेव, सकाळी फडक्यानं पुसून काढ. फडकं लांबीनं ओढायचं, वेढा वाकवायचा नाही. बारीक गंज असेल तर शून्य नंबरचा पॉलिश पेपर. आडवी चीर दिसली तर ती स्प्रिंग मोडणारच, बसवू नको.

ग्रीस : चार चमचे साधं लिथियम ग्रीस, त्यात अर्धा चमचा ग्राफाइट पावडर. काळं होईपर्यंत घोट. स्प्रिंगला पातळ थर. गच्च भरलास तर झाकणातून बाहेर येऊन बोर्ड खराब करतंय. बसवताना बाहेरचं टोक आधी डब्याच्या खिट्टीत, मग एकेक वेढा अंगठ्यानं आत. दिशा चुकली तर चावी उलटी लागेल, म्हणून तो फोटो.

आडवी_सुई · सोमवार, रात्री १०.४१

भर एवढीच : मोटर वर घेतलीच आहे तर गव्हर्नर, म्हणजे वेग आवरणारा भाग, तोही बघा. आडव्या दांड्यावर पातळ पट्ट्यांनी बांधलेली तीन वजनं असतात. वेग वाढला की ती बाहेर फेकली जातात, चकती सरकते आणि चामड्याच्या किंवा नमद्याच्या तुकड्यावर घासते. तो तुकडा कोरडा पडला की किंचाळतो आणि वेग डुलतो. शिलाई मशीनच्या तेलाचे दोन थेंब पुरतात. पट्टीचा एक स्क्रू जरी ढिला असेल तर वजनं असमान फिरतात आणि लांब सुरावर आवाज लाटेसारखा हलतो. गंज काढायचा जो फवारा मिळतो तो वंगण म्हणून मारू नका, आठवड्यात उडून जातो आणि उरलेलं तेलही घेऊन जातो.

पेठेतला_नवखा · मंगळवार, सकाळी ७.५५

आणि तुटलीच असेल तर?

उद्यमनगरी · मंगळवार, सकाळी ८.३०

कुठं तुटली त्यावर आहे. टोकाला खिट्टीच्या भोकापाशी तुटली असेल तर वाचते. टोकाची दोन इंच लाल कर, सावकाश गार होऊ दे, म्हणजे पोलाद मऊ पडतं आणि ड्रिल लागतं. नवं भोक लांबट ठेव, कडा कानसीनं गोल कर, नाहीतर तिथंच परत फाटतंय. मधे तुटली असेल तर जोड टिकत नाही, नवी पाहिजे. नवी मागताना मॉडेलचं नाव सांगून उपयोग नाही. रुंदी आणि जाडी व्हर्नियरनं मोज, पसरून लांबी घे, दोन्ही टोकांची भोकं कशी हायत त्याचा कागदावर ठसा घे. उद्यमनगरात कुठल्याही बऱ्या लेथवाल्याला हे कळतं. फक्त शिवाजी उद्यमनगरात 'ग्रामोफोन' म्हणून दुकान शोधत हिंडू नको, मापं घेऊन जा.

हर्ट्झ_पन्नास · मंगळवार, सकाळी ११.१५

मोटर जुळवून झाली की वेग तपासा. कानावर सोडू नका. पट्ट्यांची चकती छापून तबकडीवर ठेवायची आणि विजेच्या दिव्याखाली बघायची. आपली वीज ५० हर्ट्झ, म्हणजे दिवा सेकंदाला १०० वेळा मिणमिणतो, मिनिटाला ६,०००. चकतीवर ७७ पट्टे असले तर ६,००० भागिले ७७, म्हणजे ७७.९२ फेऱ्यांना पट्टे जागच्या जागी थांबलेले दिसतात. पुढे सरकले तर वेग जास्त, मागे सरकले तर कमी.

दोन ठिकाणी लोक फसतात. एक, नेटवरून उतरवलेली चकती बऱ्याचदा ९२ पट्ट्यांची असते. ती ६० हर्ट्झच्या देशांसाठी. आपल्याकडे ती ६५च्या आसपास थांबते आणि माणूस बिचारा मोटरला दोष देतो. दोन, हल्लीचे चांगले एलईडी दिवे मिणमिणतच नाहीत. जुन्या स्विचबोर्डावरचा नारिंगी निऑन इंडिकेटर मात्र मिणमिणतो, त्याच्याजवळ धरा.

आणि सुई रेकॉर्डवर टेकवलेली असताना मोजा. भाराशिवाय मोजलेला वेग फुकट.

कोमल_निषाद · मंगळवार, दुपारी १२.४०

७७.९२ हा आकडा सगळ्या रेकॉर्डींना लागू नाही हे सांगून ठेवते. १९२५च्या आधीच्या, म्हणजे मायक्रोफोन यायच्या आधी कर्ण्यात गाऊन घेतलेल्या रेकॉर्डी सरसकट ७८च्या नाहीत. ७४ला घेतलेली ७८ला वाजवली तर सूर जवळजवळ एक अर्धस्वर वर चढतो, गायकाचा आवाज बारीक होतो आणि ताना उगाच चपळ वाटतात. "काय तयारी होती हो" म्हणून माना डोलवतो त्यातली थोडी तयारी मोटरची असते.

तपासायचं कसं? पेटी (हार्मोनियम) घ्या. षड्ज दोन पट्ट्यांच्या बरोबर मधे अडकत असेल तर वेगावर संशय घ्यायला जागा आहे. पण तेवढ्यावर निकाल देऊ नका, जुन्या पेट्या आजच्या सुराला जुळवलेल्या नसत. त्याच गायकाच्या त्याच सुमाराच्या तीन-चार रेकॉर्डी ओळीनं लावा. सगळ्यांत षड्ज एकाच बाजूला सरकलेला असेल तर वेग बदला. एकीतच असेल तर ती एकटीच तशी घेतलेली आहे.

आडवी_सुई · मंगळवार, दुपारी १.०५

कोमलताईंच्या मुद्द्याला जोड. लेबलावर 'हॅनोव्हर' असेल तर रेकॉर्ड जर्मनीत दाबलेली. हिंदुस्थानात १९०२पासून ध्वनिमुद्रण सुरू झालं तरी तबकड्या तिकडूनच यायच्या. कलकत्त्यात सियालदहला कारखाना निघाला १९०८मध्ये आणि डमडमचा १९२८मध्ये. लेबलावर डमडम दिसलं तर त्यानंतरची. हॅनोव्हरच्या काळातल्या काही रेकॉर्डींच्या शेवटी गाणारी स्वतःचं नाव इंग्रजीत सांगते, गौहरजानचं तर प्रसिद्धच आहे. त्याला ठसका समजू नका. जर्मनीतल्या कारागिराला लेबल कुणाचं लावायचं ते कळावं म्हणून ती सोय होती. डिजिटल करताना लोक नेमका तोच तुकडा कापतात.

पेठेतला_नवखा · मंगळवार, सायंकाळी ६.२०

धुवायच्या कशा? सॅनिटायझरनं पुसलं तर चालेल का, लगेच सुकतं म्हणून विचारतोय.

आडवी_सुई · मंगळवार, सायंकाळी ६.२२

नाही. लाख स्पिरिटमध्ये विरघळते. सुतार पॉलिश करतो ते चंद्रूस आणि लाख स्पिरिटमध्ये घालूनच. सॅनिटायझर, डेटॉल, लेन्सचा फवारा, अत्तर, काहीही नाही.

एक लिटर डिस्टिल्ड पाणी, बॅटरीवाल्याकडे मिळतं ते. त्यात लहान मुलांच्या शाम्पूचे चार-पाच थेंब. लहान मुलांचा मऊ टूथब्रश. खाचांच्या दिशेनं गोल फिरवायचा, आडवा कधी नाही. लेबल कोरडं ठेवायचं : जुन्या सीडीच्या दोन डब्यांची गोल झाकणं रबरी कड लावून दोन्ही बाजूंनी दाबून धरली की काम होतं. मग साध्या डिस्टिल्ड पाण्यानं खळखळून, आणि ताटाळ्यात उभी. ऊन नाही, पंखा चालेल. नळाचं पाणी वाळलं की क्षार खाचेत राहतात आणि ते भातातल्या खड्यासारखे वाजतात.

रिठ्याचं पाणी सुचवतील कुणीतरी. साडीला उत्तम. रेकॉर्डवर त्याचा थर राहतो. आणि चकाकी यावी म्हणून खोबरेल चोळणाऱ्यांना काय म्हणावं ते इथे लिहिता येत नाही.

खळ_आणि_कात्री · मंगळवार, रात्री ८.४५

धुण्याचा विषय निघालाच आहे तर पुराचंही सांगून टाका. २०१९ आणि २०२१ला पंचगंगेचं पाणी शिरलं तेव्हा व्हीनस कॉर्नरपासून शाहूपुरीपर्यंत तळमजल्यावरची कपाटं भिजली होती. परत वेळ आली तर काय करायचं ते कागदावर असलेलं बरं.

आडवी_सुई · मंगळवार, रात्री ९.३०

बरोबर. क्रम लिहितो.

चिखल वाळू द्यायचा नाही. वाळला की तो खाचेत सिमेंट होतो. लगेच धुता येत नसेल तर स्वच्छ पाण्याच्या टबात ठेवा, पण तासांच्या हिशोबात, दिवसांच्या नाही. जास्त भिजली तर लाख पांढुरकी पडते.

पाकिटं आधी काढून टाका, ओला कागद चिकटून बसतो. त्याच्यावरचं लिखाण हवं असेल तर फोटो घ्या.

कोलंबियाच्या रेकॉर्डी पहिल्यांदा काढा. त्यांच्यात मधे भराव वेगळा आणि वर पातळ थर असतो, आत कागद असतो. कडेतून पाणी शिरलं की तो फुगतो आणि कडेला पापुद्रा सुटतो. बाकीच्या एकजीव असतात, त्या थोडा वेळ तग धरतात.

लेबल सुटलं तर फेकू नका. रेकॉर्डच्या आतल्या गुळगुळीत भागात कोरलेला नंबर टिपून घ्या, लेबल टिपकागदात वाळवा, दोघांना एकच आकडा द्या. दोन बाजूंची लेबलं अदलाबदल झाली की पुढच्या माणसाला आयुष्यभर चुकीची माहिती मिळते.

एरवीच्या पावसाळ्यासाठी : कपाट बाहेरच्या भिंतीला टेकवू नका, चार बोटं अंतर ठेवा. रेकॉर्डी उभ्या, गच्चही नाहीत आणि तिरप्या तर अजिबात नाहीत. १० इंची एक साधारण २०० ग्रॅमची असते, पन्नास झाल्या की दहा किलो. फळी त्या हिशोबानं घ्या.

पेठेतला_नवखा · मंगळवार, रात्री ९.५०

एक रेकॉर्ड वाकली आहे, बशीसारखी. सुई चढते-उतरते. इस्त्री?

उद्यमनगरी · मंगळवार, रात्री १०.०५

इस्त्री कपड्याला, भावा! पाच मिलिमीटरच्या दोन काचा घे, रेकॉर्डपेक्षा मोठ्या. धुऊन पूर्ण वाळवलेली रेकॉर्ड मधे. एप्रिल-मेच्या उन्हात गच्चीवर वीस-पंचवीस मिनिटं, दर पाच मिनिटांनी बघायचं. वरच्या काचेच्या वजनानंच खाली बसते. बसली की तशीच्या तशी काचांसकट सावलीत आण, वर दोन जाड पुस्तकं ठेव आणि पार गार होईपर्यंत हात लावू नको. गरम असताना काच उचललीस की परत बशी. धूळ राहिली असेल तर ती खाचेत कायमची बसंल. आणि वरच्या कोलंबियाला हे करायचं नाही, थर सुटतील.

हर्ट्झ_पन्नास · बुधवार, सकाळी १०.३०

आता उतरवून घ्यायचं. इथेच सगळ्यात जास्त घाण होते, म्हणून जरा सविस्तर.

सुई. एलपीची, म्हणजे नंतरच्या ३३ फेऱ्यांच्या प्लास्टिक रेकॉर्डची, सुई ७८ला लावू नका. एलपीच्या सुईचं टोक एक मिलच्या आत, ७८ला तीन मिलचं लागतं. मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग. बारीक सुई खाचेच्या तळाशी लोळते, जिथे फक्त कचरा असतो, आणि मग "जुन्या रेकॉर्डी खरखरतातच" असा समज होतो. बऱ्याच कार्ट्रिजना (पिकअपमधला सुई धरणारा भाग) ७८ची वेगळी सुई मिळते, फक्त पुढचा भाग ओढून बदलायचा. भार त्या सुईच्या कागदावर लिहिलेला ठेवा, साधारण तीन ते पाच ग्रॅम.

रेकॉर्डिंग स्टिरिओतच घ्या, रेकॉर्ड मोनो असली तरी. खाचेला दोन भिंती असतात आणि दोन्ही सारख्या झिजलेल्या नसतात. नंतर डावं आणि उजवं वेगवेगळं ऐका. एक भिंत स्वच्छ असेल तर तेवढीच ठेवा. दोन्ही बऱ्या असतील तर एकत्र करून मोनो करा, सुईच्या खाली-वर होण्यानं आलेली खरखर त्यात बरीचशी एकमेकींना खाऊन टाकते. २४ बिट, आणि जमलं तर ९६ किलोहर्ट्झ, त्यानं टिचक्या ओळखायला सोपं जातं.

तुमच्या टर्नटेबलवर ७८ नसेल तर ४५वर वाजवून घ्या आणि ऑडॅसिटी या संगणकावरच्या प्रोग्रॅममध्ये वेग ७३.३३ टक्के वाढवा. ३३वर घेतलं असेल तर १३४ टक्के.

पण थांबा. फोनो प्रीअँप, म्हणजे पिकअपचा बारीक आवाज मोठा करणारं यंत्र, आवाजाला आरआयएए नावाचा एक वक्र लावतो, खालचे सूर उचलतो आणि वरचे दाबतो, १० किलोहर्ट्झला १३.७ डेसिबलनं. तो वक्र एलपीसाठी. ७८च्या बहुतेक रेकॉर्डी तशा कापलेल्याच नाहीत. त्यामुळे प्रीअँपमधून आलेला आवाज गोधडीखालून आल्यासारखा वाटतो आणि लोक ट्रेबल वाढवत बसतात. आधी तो वक्र उलटा लावून काढून टाका. आणि हे काम वेग बदलायच्या आधी करा. ४५वर घेतलेल्या आवाजाचा वेग आधी वाढवलात तर १,००० हर्ट्झ १,७३३ला जाऊन बसतात आणि उलटा वक्र भलत्याच जागी लागतो.

तर क्रम असा : आरआयएए काढा, वेग बदला, टिचक्या काढा, मग खालच्या सुरांची भरपाई करा. विद्युत ध्वनिमुद्रणाच्या काळातल्या एचएमव्ही-कोलंबियाला २५० ते ३०० हर्ट्झच्या खाली भरपाई द्यायला सुरुवात करा, वर काही लावू नका. कर्ण्यातल्या काळाला भरपाईचीही गरज नसते, कान सांगेल तेवढंच.

कोमल_निषाद · बुधवार, सकाळी ११.२०

आणि खरखर काढायचं बटण दाबताना हात आवरा, एवढं माझं मागणं. त्यात पहिला बळी तंबोऱ्याचा जातो. मग सारंगीची घासणी जाते, शेवटी गायिकेचा श्वास. एक परीक्षा आहे : जे काढलं तेवढंच वेगळं ऐका. त्यात नुसती खरखर असायला हवी. गाणं पुसटसं जरी ऐकू आलं तरी तुम्ही जास्त काढलंय. मूळ फाइल कशाही परिस्थितीत जशीच्या तशी ठेवा.

कोल्हापूरकरांना हे जास्त लागू. जयपूर घराण्याचे गायक अल्लादियाखाँसाहेब, त्यांची एकही रेकॉर्ड नाही. इतकी वर्षं या गावात राहिले, देवल क्लब ही गाण्याची संस्था इथलीच, पण त्यांचा आवाज ऐकायचा तर शिष्यांच्या तबकड्यांतूनच. अशा रेकॉर्डीत श्वास कुठे घेतला हेही गाणंच असतं. त्यांच्या शिष्या केसरबाई केरकरांची भैरवी १९७७ साली व्हॉयेजर अंतराळयानांवरच्या सोनेरी तबकडीत गेली, साडेतीन मिनिटं, ७८च्या एका बाजूच्या मापाचीच.

आडवी_सुई · बुधवार, सकाळी ११.४८

त्या तबकडीसोबत नासानं सुई आणि कार्ट्रिजही दिलंय आणि वेग किती ठेवायचा तेही झाकणावर कोरलंय, १६⅔. परग्रहवासीयांची एवढी काळजी. इथे लोक चोरबाजारातला पितळी कर्णा आणतात आणि त्याच्याबरोबर आलेली गंजकी सुई लावतात.

पेठेतला_नवखा · बुधवार, दुपारी १.१५

पितळी कर्ण्याचं काय? तोच घ्यायचा विचार होता, पुढच्या महिन्यात.

उद्यमनगरी · बुधवार, दुपारी १.३०

नको घेऊ. अष्टकोनी, आरशासारखा चकचकीत पितळी कर्णा, नवी कोरी चौकोनी पेटी आणि पुढं कुत्र्याची पाटी : शंभरातले नव्वद जोडकाम. आतली मोटर एखाद्या मोडक्या पोर्टेबलची असते. मूळचे कर्णे जास्त करून रंगवलेल्या पत्र्याचे, काही लाकडी. कर्णा आणि हात जिथं जुळतात तिथं बोट फिरवून बघ, फट असेल तर आवाज तिथूनच जातो. हात वरखाली सहज हलला पाहिजे, पण आडवा खुळखुळायला नको. पेटीला खिळे दिसले तर निघायचं. शोभेला ठेवायचा असेल तर तुझी मर्जी, रेकॉर्ड लावू नको त्याच्यावर.

खळ_आणि_कात्री · बुधवार, रात्री ९.००

चोपड्यांकडे कुणी येईना, म्हणून मीच सुरू करते.

सिनेमाची चोपडी म्हणजे साधारण चार ते सोळा पानं, स्वस्त कागद, मधे एक-दोन पिना. मुखपृष्ठावर चित्र, आत नामावली, मग कथासार, मग गाणी. कथासार नेमकं ऐन मोक्याला थांबतं आणि पुढचं पडद्यावर बघा म्हणतं. मूकपटाच्या चोपडीत गाणी नसतात, नुसती कथा. संगीत नाटकाची पद्यावली ही हिचीच थोरली बहीण.

साल छापलेलं नसतं, ते शोधावं लागतं. किंमत बघा. आणे असतील तर साधारण एप्रिल १९५७च्या आधीची. नये पैसे असतील तर १९५७ ते १९६४. नुसते पैसे असतील तर त्यानंतरची. पत्ता बघा. प्रभात फिल्म कंपनी १ जून १९२९ला इथे कोल्हापुरात सुरू झाली आणि १९३३मध्ये पुण्याला गेली. म्हणजे चोपडीवर प्रभातचा पत्ता कोल्हापूर असेल तर ती त्या चार वर्षांतली. 'अयोध्येचा राजा' १९३२चा, तो याच काळात बसतो. फक्त एक सावधगिरी : सिनेमा पुन्हा लागला की चोपडी पुन्हा छापली जायची. तेव्हा चोपडीचं साल आणि सिनेमाचं साल एकच धरू नका. कागद, टाइप आणि टॉकीजचा शिक्का तिन्ही जुळले तर धरा.

आता जपणं. पहिला शत्रू पीन. गंजलेली पीन कागदाला तपकिरी करते आणि मग त्या जागी तो फाटत जातो. ती ओढायची नाही. मधल्या पानावर तिचे दोन पाय दिसतात, ते बोथट पातळ पात्यानं सरळ करायचे आणि पाठीमागून पीन बाहेर काढायची. गंज कागदाला चिकटला असेल तर लाकडी काडीनं कोरडाच खरवडायचा. मग त्याच भोकांतून पांढरा सुती दोरा घालून गाठ आतल्या बाजूला. नवीन भोक पाडायचं नाही.

फाटलेल्याला सेलोटेप कधीच नाही. दहा वर्षांत गोंद पिवळा होऊन शाईत उतरतो. पातळ जपानी टिश्यूची, हातानं फाडलेल्या कडांची पट्टी आणि गव्हाच्या सत्त्वाची खळ. सत्त्व म्हणजे कुरडईला काढतो ते, त्यातून ग्लूटेन, म्हणजे गव्हातलं चिवट प्रथिन, निघून गेलेलं असतं. मैद्याच्या खळीत ते राहतं, म्हणून ती कसरीला आवडते. एक भाग सत्त्व, पाच भाग पाणी, मंद आचेवर अर्धपारदर्शक होईपर्यंत ढवळत राहायचं, गार करून चाळणीतून दोनदा घासायची. दह्याच्या घट्ट चक्क्यासारखी हवी. लावताना थोडं पाणी घालून पातळ. फ्रीजमध्ये चार-पाच दिवस टिकते, आंबट वास आला की फेकून द्यायची.

लॅमिनेशन करणाऱ्या दुकानात जाऊ नका. उष्णतेनं चिकटलेलं प्लास्टिक परत निघत नाही. पॉलिस्टरची पारदर्शक पाकिटं घ्या. पीव्हीसीची नकोत, ती ओळखता येतात : नव्या रेनकोटसारखा वास येतो. स्कॅन ६०० डीपीआयला, रंगीत, पानं काळीपांढरी असली तरी. मागे काळा कागद ठेवा, नाहीतर पातळ कागदातून मागच्या पानाची गाणी पुढच्या पानात दिसतात.

हर्ट्झ_पन्नास · बुधवार, रात्री ९.४०

ताई, चोपडीतले शब्द आणि रेकॉर्डमधले शब्द नेहमी जुळत नाहीत ना?

खळ_आणि_कात्री · बुधवार, रात्री ९.५५

नाहीच जुळत. पडद्यावर चार कडवी असतात, रेकॉर्डच्या एका बाजूला सव्वातीन मिनिटांत दोनच बसतात. चोपडीत सगळी असतात, कधीकधी सिनेमातून कापलेलंही असतं. म्हणून फाइलला नाव देताना रेकॉर्डमधल्या पहिल्या ओळीवरून द्या आणि चोपडीतली ओळ वेगळी नोंदवा. दोन्ही एक करून ठेवलं की मधलं कडवं कुठून आलं ते पुढे कुणालाच कळत नाही.

पेठेतला_नवखा · गुरुवार, सकाळी ८.१०

स्प्रिंगचं ऐकलं. आता शेवटचं : वेग बरोबर असला तरी वरचा सूर फाटतो, खणखणतो. साउंड बॉक्स अभ्रकाचा आहे, दुसऱ्या एका फोनोचा. अभ्रक तडकलेलं नाही.

उद्यमनगरी · गुरुवार, सकाळी ८.४०

रबर गेलंय. अभ्रकाच्या दोन्ही बाजूंना रबराची कडी असते, ती दगड झाली की अभ्रक धातूवर आपटतंय. सायकलच्या दुकानात व्हॉल्व्ह ट्यूब माग, एक फूट बास. जुनी कडी दातकोरणीनं खरवडून काढ, चौकट टर्पेंटाइननं पूस. नवी नळी गोल बसवून टोकं तिरकी न कापता सरळ काप, एकमेकांना नुसती टेकली पाहिजेत. फट राहिली की आवाज गळतो, एकमेकांवर चढली की अभ्रक तिथं दाबलं जातं. मग अभ्रक, मग दुसरी कडी, मग वरची रिंग. तिन्ही स्क्रू आळीपाळीनं थोडे थोडे आवळ. अभ्रक दोन रबरांत तरंगलं पाहिजे, चेपायचं नाही.

मधला बारीक स्क्रू बसवायच्या आधी बघ, सुईचा दांडा अभ्रकाला ना ओढत असला पाहिजे ना ढकलत. दांड्याच्या दोन्ही बाजूच्या स्प्रिंगांचे स्क्रू कमीजास्त करून तो आपोआप मधे आणायचा. मग मधल्या स्क्रूवर मधमाशीच्या मेणाचा एक थेंब, तापवलेल्या सुईच्या टोकानं. मेणबत्तीचं मेण चालत नाही, ठिसूळ असतंय, दुसऱ्याच गाण्याला तडकतं. व्हॉल्व्ह ट्यूब दोन-तीन वर्षांत परत कडक होणार, तेव्हा उरलेला तुकडा पेटीत टाकून ठेवू नको. रबर पडूनही म्हातारं होतं, त्या वेळी ताजी आण.